मारोतरावांचा सासरवाडीचा मुक्काम

माझं काम काय, असं कुणी विचारलं की मी "दवाखान्यात रिसर्चचं असतं" एवढंच सांगत असे. एका लग्नात पंगतीला बसलो असताना साडूंनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा खरं सांगितलं. ते जेवण होईपर्यंत ताटातल्या जिलेबीकडे बघत राहिले आणि हात धुतल्यावर सगळ्या मांडवाला सांगत सुटले. त्या दिवसापासून मी आडून बोलणं सोडलं. लाजायला लागावं असं काम मी करत नाही. या लेखात लिंग हा शब्द मी सरळ लिहिणार आहे. संपादकांना तसं आधीच कळवलं आहे आणि त्यांनी हरकत घेतलेली नाही.

हिंगोलीत आमचं खासगी हॉस्पिटल आहे. तिथले मुख्य डॉक्टर मूत्रविकारांचे सर्जन. औषध कंपन्या नवीन औषध बाजारात आणण्याआधी, किंवा जुनं औषध इथल्या माणसांना कसं लागू पडतं ते पाहण्यासाठी, त्याची चाचणी घेतात. अशा चाचणीचं एक केंद्र आमच्याकडे होतं आणि मी त्याचा समन्वयक. रुग्णाला सगळं समजावून सांगणं, त्याची संमती घेणं, तारखा सांभाळणं आणि प्रत्येक आकडा जिथल्या तिथे लिहिणं हे माझं काम. घरी दुधाचा हिशेबसुद्धा मी पैशापर्यंत जुळवतो, त्यामुळे हे काम मला मानवलं. बायको म्हणते, "तुमाला त्या कामानं न्हाई, तुमीच त्या कामाला बिघडवलंय."

आजार असा आहे. चाळिशी-पन्नाशीच्या काही पुरुषांच्या लिंगाच्या आतल्या आवरणावर एक कडक वळ धरतो. जखम भरल्यावर कातडीवर कडक खूण राहते ना, तसाच, फक्त आत. कधी एखादा मार लागलेला असतो, बहुतेकांना तो आठवतही नाही. फुग्याच्या एका बाजूला चिकटपट्टी लावून तो फुगवला तर ज्या बाजूला पट्टी असते तिकडे तो वाकतो. इथे तेच होतं. ताठरता आली की लिंग वाकतं, दुखतं, आणि वाक जास्त असेल तर संबंध होऊच शकत नाही. माणूस मरत नाही. पण घरात बोलणं बंद होतं, बायकोला वाटतं याचं मन दुसरीकडे आहे, आणि हा वैदूकडून चूर्ण आणतो, मांत्रिकाकडून दोरा आणतो, डॉक्टरकडे मात्र येत नाही.

आमच्या चाचणीतलं इंजेक्शन त्या वळात द्यायचं होतं. ते आतला कडक धागा विरघळवतं. अर्ध्या लोकांना ते औषध आणि अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय मिळालं हे रुग्णाला माहीत नसतं, डॉक्टरला नसतं आणि मलाही नसतं. बाटलीवर फक्त नंबर. हे ऐकून गोरेगावचे एक किराणा दुकानदार माझ्यावर उखडले होते.

"म्हंजी म्या हिंगोलीपर्यंत जीपचे धक्के खात यायचं, नको त्या जागी सुई घ्यायची, आन् निघालं मिठाचं पानी! साहेब, मीठ तं माझ्या दुकानातच हाय."

मी म्हटलं, "शेठजी, सगळ्यांनाच औषध दिलं तर औषधानं बरं वाटलं का नुसतं सुई टोचल्यानं बरं वाटलं, ते कळणार कसं?"

त्यांनी कागद जवळ ओढला. "व्हय, हे बराबर हाय," म्हणाले, आणि संमतीच्या कागदावर सही करून गेले. आपल्या भागातला माणूस अडाणी नसतो. त्याला कुणी समजावून सांगत नाही, एवढंच.

मोजमाप कसं होतं हेही सांगतो, कारण त्यावरूनच लोक सगळ्यात जास्त फिदीफिदी हसतात. एक वेगळं इंजेक्शन देऊन ताठरता आणतात. मग डॉक्टर कोनमापक लावतात. कंपासपेटीत असतो तसाच, फक्त याला दोन हात असतात. एक हात वाकाच्या अलीकडे, दुसरा पलीकडे, आणि मधला कोन वाचायचा. आकडा मी लिहायचा. पहिल्या आणि दुसऱ्या वाचनात दोन अंशांचा जरी फरक आला तरी मी पुन्हा मोजायला लावत असे. डॉक्टर वैतागायचे. पण टेबलावर पडलेल्या माणसानं आयुष्यात कुणाला दाखवलं नाही ते आपल्याला दाखवलेलं असतं. निदान त्याचा आकडा तरी नीट लिहावा.

मारोतराव आमच्याकडे आले ते डोंगरकड्याहून. तिथे त्यांचं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली की आतली तांब्याची तार काढून नवीन गुंडाळायची, ते काम. केळीच्या पट्ट्यात राहणारा माणूस आणि आजार हा, यावरून हॉस्पिटलात जे विनोद झाले ते मी इथे लिहीत नाही. विनोद करणाऱ्यांना मी तेव्हाच बोललो होतो. वय सत्तेचाळीस. मुलगी परभणीकडे दिलेली. अंगानं आडवे, बोलायला कमी, आणि प्रश्न विचारला की उत्तर देण्याआधी थोडा वेळ जमिनीकडे बघणार. पहिल्या मोजणीत त्यांचा कोन अठ्ठावन्न अंश आला होता.

संमती घेताना कॅमेरा चालू असतो. मी कागद वाचत गेलो. इंजेक्शननंतर सूज येईल, काळंनिळं होईल. आतलं आवरण काही दिवस नाजूक राहील. क्वचित ते फाटू शकतं आणि मग तातडीनं ऑपरेशन लागतं. म्हणून दोन आठवडे पत्नीशी संबंध पूर्ण बंद.

मारोतराव जमिनीकडे बघून म्हणाले, "मोटार भरल्यावर वार्निश वाळूस्तोवर चालू करत न्हाईत. तसंच हाय ना हे?"

"तसंच."

"मंग काई तकलीफ न्हाई. दोन आठोडे म्हंजी दोन आठोडे."

सुमनबाई, त्यांची पत्नी, बाहेर बाकावर बसल्या होत्या. आत बोलावलं तर आल्या, पदर सावरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला बी सांगा, काय करायचं न्हाई ते. यांच्या ध्यानात ऱ्हायलं न्हाई तं मी ध्यानात ठेवीन." आमच्या केंद्रात जेवढे पुरुष आले, त्यांतल्या फार थोड्यांनी बायकोला आजार सांगितला होता. मारोतरावांनी सांगितला होता. माझ्या मते त्यांचा अर्धा आजार तिथेच बरा झाला होता. पण सुमनबाईंच्या माहेरच्यांना, स्वतःच्या भावाला, शेजाऱ्याला त्यांनी काही कळू दिलं नव्हतं. सगळ्यांना मुतखडा सांगितला होता. आमच्या हॉस्पिटलात मुतखड्याची इतकी माणसं येतात की कुणाला संशय यायचं कारण नव्हतं.

इंजेक्शनचा एक फेरा झाला आणि अधिक महिना लागला. धोंड्याचा महिना आपल्याकडे तीन वर्षांनी येतो. लेक-जावयाला बोलावतात, जावयाचे पाय धुतात, पुरणाचे धोंडे जेवू घालतात, कपडे करतात. जावई नवा असो की त्याला स्वतःचा जावई आलेला असो, मान तोच. सुमनबाईंचं माहेर गोरेगावच्या पलीकडचं एक गाव. दोन आठवडे संपायच्या आतच तिथून निरोप आला.

मारोतरावांनी मला फोन केला. "साहेब, सासरवाडीला धोंडे जेवायला बोलावलंय. चार दिस ऱ्हा म्हन्तेत. जाऊ का?"

"प्रवासात धक्के बसतील."

"मधली सीट धरून जाईन हळूहळू. घरापरीस तिथं गेलेलं बरं. तिथं काईच भेव न्हाई."

मला त्यांचं म्हणणं कळलं आणि हसू आलं. "बराबर बोललात," मी म्हटलं. "जा." आणि प्रवासाला परवानगी दिल्याची नोंद तारखेसह केली.

तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांचाच फोन. आवाज दबलेला. "साहेब, झोपेत कड फेरली आन् आत काडकन वाजलं. वांग्यावानी काळं झालंय. फुगून ऱ्हायलंय."

झोपेत पुरुषाला ताठरता येते. त्याला इच्छा लागत नाही, स्वप्न लागत नाही, ते शरीराचं काम आहे. आवरण नाजूक असताना तशा अवस्थेत कुशीवर वळलं तर ते फाटू शकतं. कंपनीनं आम्हाला औषधाची माहिती देणारं जे पुस्तक दिलं होतं त्यात ही शक्यता लिहिलेली होती. मी त्यांना जीप करून निघायला सांगितलं आणि डॉक्टरांना उठवलं. मारोतराव मेव्हण्याबरोबर आले. मेव्हण्याला मुतखडा अडकला असंच सांगितलेलं, आणि तो बिचारा वाटेत प्रत्येक टपरीवर थांबून दाजींना पाणी पाजत आला होता. ऑपरेशनच्या आधी इतकं पाणी पोटात गेल्याचं ऐकून भूल देणारे डॉक्टर कपाळाला हात लावून बसले. जरा थांबून, पण दुपारच्या आत, फाटलेलं आवरण शिवलं गेलं. डॉक्टरांनी काम उत्तम केलं, हे मी सांगितलंच पाहिजे, कारण पुढे त्यांच्याबद्दल मला चांगलं बोलता येणार नाही.

अशी घटना चोवीस तासांत वर कळवावी लागते. मी कळवली. चौथ्या दिवशी कंपनीचा मॉनिटर आला. मॉनिटर म्हणजे आमचं काम तपासायला येणारा माणूस. मोठ्या शहरातला, तिशीचा, इस्त्रीचा शर्ट. वागायला सभ्य होता. त्याचा दोष मी वागण्यात धरत नाही. त्यानं मारोतरावांना हिंदीत विचारलं.

"आप ससुराल गये थे?"

"गेलतो."

"पत्नी साथ में थी?"

"व्हती की. तिचंच म्हाएर हाय ते."

"कितने दिन रुके?"

"तिसऱ्या दिशी हे झालं."

"ठीक है," मॉनिटर म्हणाला आणि त्यानं लॅपटॉप मिटला. याच्या पुढचा प्रश्न, कुठे झोपलात, हा त्यानं विचारला नाही. त्याला विचारायची गरज वाटली नाही. त्याच्या डोक्यात उत्तर तयार होतं.

आठवड्यानं कंपनीच्या सुरक्षा विभागाचा अहवाल आला. इंग्रजीतलं मुख्य वाक्य मी मराठीत देतो: "सहभागी व्यक्ती पत्नीसह तिच्या माहेरी, विवाहित दांपत्याचा सन्मान करणाऱ्या एका पारंपरिक सणासाठी मुक्कामास होती, बंदीच्या काळात लैंगिक संबंध आला असण्याची दाट शक्यता असून इजा सूचनांच्या उल्लंघनामुळे झाल्याचे दिसते." सण दांपत्याचा सन्मान करणारा आहे हे त्यांनी इंटरनेटवर वाचलं असणार. जावई-लेक म्हणजे लक्ष्मी-नारायणाचा जोडा, असं लिहिलेलं असतं. ते वाचलं आणि खोली, पलंग, बाकी सगळं मनानेच मांडलं.

मी ते वाक्य वाचून खुर्चीवरून उठलो आणि पुन्हा बसलो. ज्याचं लग्न आपल्या जिल्ह्यात झालं आहे तो कोणीही माणूस सांगेल की संबंध टाळायचा असेल तर जगात सासरवाडीइतकी सुरक्षित जागा नाही. लेकीच्या माहेरी जावई ओसरीवर, सासरा-मेव्हण्यांच्या बाजांमध्ये. लेक आत, आई-भावजयांमध्ये. दिवसाही दोघं एकमेकांशी बोलताना चार माणसांत बोलतात. मारोतराव तिथे मान घ्यायला गेले होतेच, पण घर सोडून गेले ते दिलेला शब्द पाळायला सोपं जावं म्हणून. "तिथं काईच भेव न्हाई" याचा अर्थ हा होता.

या वाक्याचा परिणाम काय होता तेही सांगतो. चाचणीतल्या औषधानं इजा झाली तर रुग्णाचे पुढचे सगळे उपचार कंपनीला करावे लागतात. इजा रुग्णाच्या चुकीनं झाली असं ठरलं तर कंपनी हात झटकायला मोकळी. मारोतरावांना अजून कित्येक महिने तपासण्या लागणार होत्या, शिवलेल्या जागी पुन्हा वळ धरला तर आणखी एक ऑपरेशन. दरम्यान बाटलीच्या नंबराचा उलगडा झाला होता. त्यांना औषधच मिळालं होतं. हे कंपनीला माहीत होतं. तरी वाक्य तेच राहिलं.

डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "आपण आपलं ऑपरेशन फुकट केलंय. कशाला वाढवता? पुढची चाचणी मिळायची आहे."

मी म्हटलं, "सर, तुम्ही स्वतः सासरवाडीला कुठे झोपता?"

"विषय तो नाही."

"विषय तोच आहे."

त्यांनी फाइल उघडली. माझ्याकडे पाहिलं नाही.

मारोतरावांना ते वाक्य वाचून दाखवायला मी डोंगरकड्याला गेलो, कारण स्वतःबद्दल काय लिहिलं गेलंय हे कळण्याचा त्यांना हक्क आहे. दुकानात एक उघडी मोटार पुढ्यात होती. ऐकून ते नेहमीप्रमाणे जमिनीकडे बघत राहिले, पण या वेळी फार वेळ.

"म्या शब्द मोडला म्हन्तेत?"

"हो."

"इलाजाचं जाऊ द्या. ते वाक्य खोडता येतं का?"

"तुमचे सासरे, मेव्हणे यांनी येऊन सांगितलं की तुम्ही त्यांच्याजवळ झोपला होता, तर नक्की येतं."

"त्याहिला मुतखडा सांगितलाय," मारोतराव म्हणाले. "काहून बोलावलं म्हनून इचारतील. मंग काय सांगू? जावई पाय धुवून घेऊन गेला आन् त्याला हे झालतं? न्हाई साहेब. खोडू नका. ऱ्हाऊ द्या."

सुमनबाई आतून चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी कप खाली ठेवले. "काहून ऱ्हाऊ द्या? माझ्या बापाची ओसरी हाय ती. मी येते. मला इचारा म्हनावं."

"तू चार मान्सांत हे बोलनार?"

"तुमी चार मान्सांत कपडे काढून मोजून घेतलं ना? मंग मला बोलाया काय झालं?"

प्रत्येक चाचणीवर एक एथिक्स कमिटी असते. रुग्णाच्या बाजूनं बघणं हे तिचं काम, म्हणून मी प्रकरण तिच्यापुढे नेलं. आमच्या कमिटीत अध्यक्ष म्हणून एक निवृत्त सरकारी डॉक्टर, एक वकील, आणि बाहेरच्या सभासद म्हणून कळमनुरीच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. बाकीचे सभासद बैठकीत बोलत नाहीत, त्यामुळे त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं नाही. कंपनीचे डॉक्टर भिंतीवरच्या पडद्यावर होते. ते इंग्रजीत बोलायचे, वकील मराठीत सांगायचे.

सुमनबाई खुर्चीच्या टोकावर बसल्या. मारोतराव दाराजवळ उभे.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बाई, घाबरू नका. मी विचारते. माहेरी तुमचे मालक कुठे झोपायचे?"

"ओसरीवर. बाबाची बाज, मंग यांची, मंग भावाची."

"आणि तुम्ही?"

"आत. मायजवळ. दोन भावजया, त्याहिचे लेकरं."

वकिलांनी हे पडद्याला सांगितलं. पडद्यावरचे डॉक्टर म्हणाले, झोपायची व्यवस्था वेगळी असली तरी एवढ्या मुक्कामात एकांत मिळालाच नसेल असं कसं म्हणता येईल.

वकिलांना हे मराठीत सांगायला संकोच वाटत होता. मुख्याध्यापिकांना इंग्रजी समजत होतं. त्यांनी चष्मा काढला आणि पडद्याकडे बघून इंग्रजीतच विचारलं, "डॉक्टर, तुमचं लग्न झालंय?"

"झालंय."

"सासुरवाडीला जाता तेव्हा कुठे झोपता?"

"गेस्टरूममध्ये. पत्नीबरोबर." जरा थांबून, "का?"

अध्यक्ष आधी हसले, मग वकील, आणि मग कधीही न बोलणारे सभासदसुद्धा. पडद्यावरचा चेहरा तसाच. मुख्याध्यापिका हसल्या नाहीत. "घोळ तिथेच आहे," त्या म्हणाल्या.

सुमनबाईंना इंग्रजी कळलं नव्हतं, पण ते काय विचारून राहिलेत हे कळलं होतं. त्या उभ्या राहिल्या. आवाज मोठा होता.

"त्या साहेबाला सांगा. माझ्या लेकीचं लगीन झालंय. म्हाएरी मी यांना ताट वाढते तवा बी हे वर बघत न्हाईत, माझा बाप बसलेला असतो. दोन वरीस हे तरास काढून ऱ्हायलेत. घरी आमी दोघंच असतो. तिथं शब्द मोडला न्हाई, आन् माझ्या बापाच्या बाजेशेजारी मोडला म्हन्ता? आमाला काय जनावरं समजलं का?"

वकिलांनी मग कंपनीचंच पुस्तक उघडलं आणि झोपेतल्या ताठरतेनं आवरण फाटू शकतं तो परिच्छेद मोठ्यानं वाचला. पडद्यावरचे डॉक्टर म्हणाले, नोंद घेतली आहे.

कमिटीनं एकमतानं ठरवलं: इजा औषधामुळे, सहभागीची चूक नाही, पुढचे उपचार कंपनीचे. बाहेर व्हरांड्यात आल्यावर सुमनबाई भिंतीला टेकून बसल्या आणि तोंडावर पदर घेऊन रडल्या. मारोतराव त्यांच्याजवळ उभे राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "चल. जीप निघंल." बाकी काही नाही.

इथे हे थांबलं असतं तर मी लेख लिहिला नसता.

कंपनीचं उत्तर आलं. उपचाराचा खर्च आम्ही करू, मात्र "सद्भावना म्हणून". अहवालातलं वाक्य आहे तसंच राहील. मी मारोतरावांना सांगितलं तर त्यांचा चेहरा काळा पडला. "सद्भावना म्हंजी खैरात ना? म्या भीक मागितली का त्याहिला?" उपचार घ्यायला ते तयारच होईनात. सुमनबाईंनी घ्यायला लावले. जखम चांगली भरली. डॉक्टरांनी सहा महिन्यांनी मोजलं तेव्हा कोन एकतीस अंश आला. दुखणं गेलं होतं. अठ्ठावन्नाचे एकतीस. औषधानं काम केलं होतं हे सरळ दिसतंय, आणि ते मी आनंदानं लिहितो. हा आजार असलेल्या माणसानं घाबरू नये, डॉक्टरकडे जावं. पण तो एकतीसचा आकडा चाचणीत कुठेच नाही, कारण मारोतरावांना चाचणीतून आधीच काढलेलं होतं. त्यांच्या नावापुढे, म्हणजे नंबरापुढे, उल्लंघन एवढाच शब्द आहे.

ते वाक्य दुरुस्त करा म्हणून मी कंपनीला पुन्हा लिहिलं. कमिटीचा निर्णय जोडला. जावई कुठे झोपतो ते इंग्रजीत सविस्तर लिहिलं. डॉक्टरांनी सही करायला नकार दिला. शेवटी मुख्याध्यापिकांनी अध्यक्षांकडून सही आणली आणि पत्र गेलं. सुरक्षा विभागाचं उत्तर सभ्य भाषेत होतं. स्थानिक चालीरीतीबद्दलच्या माहितीबद्दल त्यांनी आभार मानले होते. मात्र अहवालात बदल करायचा तर या विधानाला प्रकाशित संदर्भ जोडावा, असं कळवलं होतं.

मी खरोखर शोधला. जिल्ह्याची माहिती देणारी पुस्तकं बघितली, सणावारांची बघितली. धोंडे कसे करायचे ते सापडलं. वाणात काय द्यायचं ते सापडलं. जावई झोपतो कुठे हे कुणीही लिहिलेलं नाही. सगळ्यांना माहीत आहे ते कोण लिहून ठेवतं?

म्हणून हे लिहिलं. नावं बदलली आहेत. बाकी सगळं छापायला सुमनबाईंची हरकत नाही, फक्त माहेरच्या गावाचं नाव घालू नका म्हणाल्या, ते घातलेलं नाही. शहरातल्या फ्लॅटांत आणि नोकरदारांच्या घरांत हल्ली रीत बदलली आहे, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो. परंतु हिंगोली जिल्ह्यातल्या खेड्यांत, अधिक महिना असो वा नसो, सासरवाडीला आलेला जावई ओसरीवर पुरुषांमध्ये झोपतो आणि त्याची बायको आत बायकांमध्ये. हे विधान मी स्वतःच्या माहितीवर करतो आहे.

अंक हातात आला की त्याचं नाव, वर्ष आणि पान क्रमांक मी कंपनीला कळवणार आहे.